दत्तक फुकट, सांभाळ रोखीचा

देशी कुत्र्याचं पिल्लू दत्तक घ्यायला बहुतेक ठिकाणी एक रुपयाही पडत नाही, पण तेच पिल्लू बारा वर्षं सांभाळायचं तर आजच्या दराने साधारण सव्वातीन ते साडेसहा लाख रुपये लागतात. दत्तक-शिबिरात पिल्लू मांडीवर येऊन बसलं की पहिली गोष्ट लक्षात राहते, दुसरी कुणी विचारतही नाही. म्हणून हा हिशेब शिबिराला जाण्याआधीच मांडलेला बरा.

मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’ आणि ‘योडा’, पुण्यात ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’, गोव्यात ‘वॅग’ अशा अनेक संस्था रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं मिळवून देतात. लहान शहरांत हेच काम दोन-चार प्राणीप्रेमी मिळून करतात. पुढे दिलेले दर मुंबई-पुण्यातले आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी असतील, दक्षिण मुंबईत जास्त. नक्की आकडा आपल्या डॉक्टरांना विचारूनच पक्का करावा.

शिबिरात काय होतं?

शाळेचं पटांगण किंवा सोसायटीचा हॉल, जाळीची चार-पाच कुंपणं, त्यात वर्तमानपत्रं अंथरलेली. एका कुंपणात पिल्लं, दुसऱ्यात मोठे कुत्रे, मांजरं लांब आणि शांत कोपऱ्यात. तुम्हाला एखादं पिल्लू आवडलं की स्वयंसेवक हातात अर्ज देतो. त्यात घरात कोण कोण आहे, दिवसा घरी कोण असतं, घर स्वतःचं की भाड्याचं, आधी प्राणी पाळला होता का, गावी गेल्यावर कोण सांभाळणार, असे प्रश्न असतात. ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा मागतात. चांगली संस्था त्याच दिवशी पिल्लू हातात देईलच असं नाही. आधी घर पाहायला कुणीतरी येतं किंवा व्हिडिओ कॉल होतो, मग करारनाम्यावर सही होते. पिल्लाची नसबंदी करून घेऊ, साखळीला बांधून ठेवणार नाही, जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता संस्थेलाच परत देऊ, ही त्यातली नेहमीची कलमं.

एवढ्या चौकशीने काहींना राग येतो, ‘फुकट घेतोय तर इतके प्रश्न कशाला?’ असं वाटतं. उलट धरावं. एकही प्रश्न न विचारता पिल्लू पिशवीत घालून देणारी जागा दिसली, तर तिथून काढता पाय घ्यावा.

दत्तक-शुल्क कशाचं?

बऱ्याच संस्था काहीच घेत नाहीत. काही पाचशे ते दोन हजार रुपये घेतात. ही पिल्लाची किंमत नव्हे. आधी झालेल्या लसी, जंताचं औषध, कधी नसबंदी यांच्या खर्चाचा तो वाटा असतो. पैसे दिले तर संस्थेच्या नावाची पावती घ्या, आणि त्या पैशांत काय काय झालंय ते लसीच्या कार्डावर तपासा.

कार्ड नीट वाचता यायला हवं. लस दिली की डॉक्टर कुपीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि पुढच्या डोसची तारीख. स्टिकर नाही, नुसतं पेनाने ‘लस दिली’ असं लिहिलंय, तर लस झाली नाही असंच धरून चाला आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरुवात करा. मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस दिलेली नसेल तर त्यात लबाडी नाही, ती साधारण तिसऱ्या महिन्यातच देतात. पार्व्हो आणि डिस्टेंपरसारख्या रोगांवरची एकत्रित लस मात्र सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. तिचा पहिला डोस झालेला असायला हवा.

पिल्लू आठ आठवड्यांहून लहान असेल तर थांबा. त्याआधी आईपासून तोडलेली पिल्लं वारंवार आजारी पडतात आणि त्यांना चावण्याचा अंदाज येत नाही. विक्रीसाठीच्या पिल्लांनाही केंद्राच्या २०१७च्या नियमांनी हीच आठ आठवड्यांची अट घातलेली आहे.

कुत्रा: पहिल्या वर्षाचा हिशेब

दोन महिन्यांचं, मोठं होऊन पंधरा किलोच्या आसपास जाणारं देशी पिल्लू धरू.

• दत्तक-शुल्क: ० ते २,००० रुपये
• लसी आणि डॉक्टरांची तपासणी फी (एकत्रित लसीचे तीन, रेबीजचे दोन डोस): ३,५०० ते ६,५००
• जंत, गोचीड, पिसवा यांची औषधं: २,५०० ते ६,०००
• नसबंदी: संस्थेच्या दवाखान्यात २,००० ते ४,०००, खासगीत १५,०००पर्यंत
• गळपट्टा, दोरी, भांडी, बिछाना, चघळायची खेळणी: १,५०० ते ४,०००
• खाणं, महिना १,८०० ते ३,५००प्रमाणे: २१,६०० ते ४२,०००

बेरीज होते ३१ हजार ते ७५ हजार. दोन टोकांत इतका फरक का, ते यादीतच दिसतं. नसबंदी कुठे करता आणि काय खायला घालता, या दोन गोष्टींवर निम्मा हिशेब फिरतो.

दुसऱ्या वर्षापासून नसबंदी आणि सुरुवातीच्या लसी वजा होतात. खाणं, वर्षातून एकदाचे बूस्टर, गोचिडीचं औषध आणि किरकोळ खर्च धरून वर्षाला २७ हजार ते साडेत्रेपन्न हजार, म्हणजे महिन्याला सव्वादोन ते साडेचार हजार. देशी कुत्रा बारा ते पंधरा वर्षं सहज जगतो. सुरुवातीला दिलेला लाखांचा आकडा आला तो इथूनच, आणि त्यात मोठं आजारपण धरलेलं नाही.

मांजर स्वस्त, पण खिडक्या महाग

मांजराचं खाणं महिन्याला ८०० ते १,५०० रुपयांत भागतं. फ्लॅटमध्ये ठेवायचं तर लिटरचे, म्हणजे शी-शूच्या वाळूचे, ५०० ते १,००० धरा. वर्षाला हे दोन मिळून साडेपंधरा ते तीस हजार. लसी आणि तपासणी अडीच ते साडेचार हजार, नसबंदी दीड हजारापासून दहा हजारांपर्यंत, लिटरचा ट्रे आणि नेण्या-आणण्याची पेटी दीड ते साडेतीन हजार.

लोक विसरतात तो खर्च जाळीचा. वरच्या मजल्यावरून मांजर पडणं हा शहरातल्या दवाखान्यांना नवा नसलेला अपघात आहे. कबुतरावर नजर खिळलेली मांजर किती मजले खाली आहेत ते मोजत नाही. खिडक्या आणि गॅलरीला जाळी लावायला तीन ते दहा हजार लागतात, आणि हे काम मांजर घरात येण्याआधी व्हायला हवं. सगळं मिळून पहिलं वर्ष २४ ते ५८ हजारांत जातं.

हिशेबात न दिसणारे पैसे

आजारपण: लस अर्धवट राहिलेल्या पिल्लाला पार्व्हो झाला तर पाच-सात दिवस सलाइन लागतं आणि बिल दहा ते पंचवीस हजारांवर जातं, शिवाय पिल्लू वाचेलच याची हमी नाही. गोचीडतापाला रक्ततपासण्या आणि औषधं धरून तीन ते आठ हजार. हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली तर याच्या कितीतरी पट. म्हणून वीस-पंचवीस हजार रुपये वेगळे ठेवावेत. कुत्र्यांसाठी विमाही मिळतो, पण पॉलिसी घेण्याआधी वयाची अट, प्रतीक्षाकाळ आणि कोणते आजार वगळलेत ते बारीक अक्षरांतलं वाचा.

सणासुदी: चाकरमान्यांच्या घरात कुत्रा आला की गणपतीचं गणित बदलतं. बोर्डिंगचा दर दिवसाला ५०० ते १,२०० रुपये, म्हणजे पाच दिवसांचे अडीच ते सहा हजार. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात जागा आधीच भरतात. जागा स्वतः जाऊन पाहा आणि लसीचं कार्ड मागितलं जातं का ते बघा. कार्ड न पाहता कुत्रा ठेवून घेणाऱ्याकडे शेजारच्या पिंजऱ्यातलाही बिनलसीचाच असणार. रेल्वेने सोबत न्यायचं तर वातानुकूलित प्रथम श्रेणीतला अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. थोडक्यात, कोकणात नेणं बहुतेकांना गाडी करूनच परवडतं.

फिरवणं: दिवसातून दोनदा फिरवून आणणारा माणूस ठेवला तर महिन्याला दोन ते चार हजार. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडत असतील, तर हा खर्च चैनीचा नव्हे, नेहमीचाच धरावा.

कुठे वाचवावं, कुठे नाही

उपचारांत पैसे वाचवण्याचे सरळ मार्ग आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या सरकारी दवाखान्यांत फी नाममात्र असते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं महाविद्यालय आहे, आणि शेजारीच जुन्या मुंबईकरांना ‘बैलघोडा’ म्हणून माहीत असलेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही अशी महाविद्यालयं आहेत. रांग लागते, अर्धा दिवस जातो, पण शस्त्रक्रियेच्या बिलात फरक पडतो.

रेबीजची लस फुकट मिळण्याचे वर्षातले दोन दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ६ जुलै हा जागतिक प्राणिजन्य रोग दिन. १८८५ मध्ये याच तारखेला लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या मुलाला पहिल्यांदा रेबीजची लस दिली होती. दुसरा २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन. या दोन्ही दिवशी सरकारी दवाखाने आणि संस्था अनेक ठिकाणी मोफत लसीकरण करतात. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांच्या मोहिमेत २०१४पासून पाळीव आणि भटक्या, दोन्ही कुत्र्यांना ही लस फुकट दिली जाते.

खाण्यात घरचा भात आणि उकडलेलं चिकन हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. बहुतेक चिकनवाल्यांकडे मान, पाठ, काळीज असं कुत्र्यांसाठीचं कटिंग वेगळं मिळतं, नेहमीच्या चिकनच्या निम्म्याहून कमी भावात. शिजवलेली हाडं मात्र काढून टाका, ती फुटून आतड्यात टोचतात. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कधीच नको. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दूधभातावर कुत्रं वाढवण्याची काटकसर पुढे कातडीच्या आणि पोटाच्या औषधांतून वसूल होते.

लसी, नसबंदी आणि गोचिडीचं औषध यांत काटकसर करू नका. नसबंदी पुढे ढकलली आणि घरची कुत्री व्याली, तर पाच-सहा पिल्लांची सोय लावायला पुन्हा त्याच शिबिराच्या दारात उभं राहावं लागतं, या वेळी देणाऱ्याच्या रांगेत.

दत्तक परवडत नसेल तर

प्राण्यांशी नातं जोडायला घरात कायमचा प्राणी असायलाच हवा असं नाही. पर्याय असे:

स्वयंसेवा: पैसे शून्य, आठवड्याचे दोन-तीन तास. पिंजरे धुणं, कुत्रे फिरवणं, बुजऱ्या पिल्लांना माणसांची सवय लावणं. नियमित जाणार असाल तर रेबीजची आधीच घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घ्या. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असे तिचे तीन डोस असतात. आणि चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालय गाठा, आधी लस घेतलेली असली तरीही.

भेटीचे उपक्रम: ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’सारख्या संस्था प्रशिक्षित कुत्रे घेऊन विशेष मुलांच्या शाळांत जातात. मुंबई विमानतळावर २०२३पासून असे कुत्रे प्रवाशांच्या भेटीला असतात, आणि तिथे त्यांना कुरवाळायला प्रवाशाला काही मोजावं लागत नाही. शाळेसाठी किंवा वृद्धाश्रमासाठी सत्र ठरवायचं असेल तर कुत्र्याच्या लसीची आणि सोबत येणाऱ्या हँडलरच्या प्रशिक्षणाची कागदपत्रं आधी पाहा, मग मानधनाचं बोला.

एका प्राण्याचा खर्च उचलणं: संस्थेत कायम राहणाऱ्या म्हाताऱ्या किंवा अपंग कुत्र्यासाठी दरमहा काही रक्कम. पावती घ्या आणि आयकरातली ८०जीची सवलत मिळते का ते विचारा. जुन्या करप्रणालीत असाल तरच तिचा उपयोग होतो.

फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ: घर मिळेपर्यंत तीन ते आठ आठवडे पिल्लू तुमच्याकडे. औषधपाणी बहुतेक वेळा संस्था करते, खाणं तुमचं. पण ‘बहुतेक वेळा’वर विसंबू नका. रात्री आजारी पडलं तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि बिल कोण देणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. पाळायचा विचार करणाऱ्याने आधी फॉस्टर करावं. आठ आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाचा खरा उत्साह कळतो.

कॉलनीतला कुत्रा: वीस घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर दोन हजार जमतात, आणि एका कुत्र्याचं साधं खाणं आणि वर्षाची लस त्यात बसते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्या. खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळाच्या आणि जिन्याच्या वाटेपासून दूर ठरवा, भांडी रोज उचला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात खाणं घालण्यासाठी ठरावीक जागा आखायला सांगितलं आहे. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येईल, पण घेतल्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असंही त्यात म्हटलं आहे.

परवाना आणि सोसायटी

कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. पुण्यात २०२२मध्ये मांजरांनाही तो लागू झाला. रेबीज लसीचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि प्राण्याचा फोटो एवढ्यावर काम होतं. सगळ्या हिशेबातली ही सगळ्यात स्वस्त बाब आहे, शुल्क खाद्याच्या एका लहान पिशवीहून कमी. नूतनीकरणाची तारीख मात्र लसीच्या तारखेसोबतच लिहून ठेवा.

सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी जादा आकारणीही करता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण प्राण्याची घाण उचलणं आणि सामायिक जागेत पट्टा लावणं हे तुमचं काम. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी परवानगी करारातच घाला. अकरा महिन्यांनी घर बदलताना ‘कुत्रा चालेल का?’ या प्रश्नाने निम्मी घरं गळतात, हेही आज लक्षात घ्या.

या सापळ्यांपासून सावध

‘लॅब्राडॉरचं पिल्लू फुकट दत्तक, फक्त वाहतुकीचे तीन हजार आधी पाठवा,’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत असतात. पिल्लाचे फोटो गोड, ठिकाण दुसऱ्या राज्यातलं, पैसे गेले की नंबर बंद. प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. ‘दत्तक’ म्हणून बोलावून, तुम्ही जागेवर गेल्यावर जातिवंत पिल्लाचे दहा-पंधरा हजार सांगणारे हे सरळ विक्रेते. त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू नेणाऱ्यांना चांगली संस्था नाही म्हणते, तेव्हा तिचं ऐका.

आणि घेतलेलं पिल्लू जमलं नाही म्हणून लांबच्या रस्त्यावर सोडून येणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक एवढाच असल्यामुळे संस्था आधीच इतकी चौकशी करतात.

शिबिराला जाण्याआधी

घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांना, मनापासून विचारा. ‘मुलांसाठी’ आणलेला कुत्रा शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतो. घराजवळ रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, ते शोधून ठेवा. पिल्लाऐवजी वर्ष-दोन वर्षांचा मोठा कुत्रा पाहायला लाजू नका. त्याचा आकार आणि स्वभाव समोर दिसतो, बहुधा नसबंदी झालेली असते आणि चपला कुरतडण्याचं वय उलटलेलं असतं. पहिल्यांदाच पाळणाऱ्या, नोकरी करणाऱ्या घराला तोच जास्त परवडतो.

आणि एक साधी परीक्षा स्वतःची घ्या. आजपासून तीन महिने दरमहा साडेतीन हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका. ओढाताण न होता टाकता आले, तर हातात साडेदहा हजार असतील. संस्थेच्या दवाखान्यातली नसबंदी आणि पहिल्या लसी त्यात होतात, तेव्हा खुशाल शिबिराला जा. नाही टाकता आले, तरी जा, पण स्वयंसेवक म्हणून. पिंजरे धुवायला तिथे कायमच हात कमी पडतात.